उजवीकडची गाणारी

दुकानाच्या दारात तिची टक्कर झाली ती एका स्पीकरशी. स्पीकरच्या मागे माणूस होता, पण तो नंतर दिसला. आधी दिसली ती छातीशी कवटाळलेली भलीमोठी काळी पेटी आणि तिच्याखाली घाईघाईने पडणारे दोन बूट.

"अहो, थांबा... मी आहे इथे," ती म्हणाली. पेटी थांबली नाही. ती पुन्हा म्हणाली, जरा वरच्या पट्टीत. पेटी तशीच पुढे येत राहिली आणि ती तशीच मागे मागे जात राहिली, थेट दुकानाच्या मध्यापर्यंत. तिथे पेटी जमिनीवर टेकली, मागून एक तरुण चेहरा वर आला आणि समोर उभ्या असलेल्या मुलीला पाहून चांगलाच दचकला.

"तुम्ही... कधी आलात?"

"आले कुठे? तुम्हीच आणलंत मला. दारापासून इथपर्यंत."

तो हसला. हसताना कानामागून हात फिरवून केस सारखे करायची त्याला सवय होती. तिला ते हसू आवडलं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे बरेच दिवस तिने ते स्वतःपासूनसुद्धा लपवून ठेवलं.

ती स्वतः एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना समोर बघून, एकेक शब्द सुटा करून दिवसभर सांगायचं आणि घरी आल्यावर तेच तोंड आत्यापुढे चालू ठेवायचं, असा तिचा दिनक्रम होता. आत्याने तिचं नावच टकळी ठेवलं होतं. शिकायला म्हणून ती आत्याकडे राहायला आली, शिक्षण संपलं, नोकरी लागली, तरी तिथेच राहिली. कारण मधल्या काळात आत्या जिन्यावरून पडली आणि खुबा मोडून बसली.

आत्याने जन्मभर शाळेत गाणं शिकवलं होतं. आता खिडकीजवळची खुर्ची आणि चालायला धरायचा वॉकर, एवढंच तिचं जग उरलं होतं. तरुणपणी तिने गायलेलं एक गाणं, एकच, कुणीतरी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. ते एका जुन्या विद्यार्थिनीने कुठूनसं शोधून टकळीच्या फोनवर पाठवलं. आत्याने ते फोनवर ऐकलं आणि तोंड फिरवलं. ही मी नव्हे, म्हणाली, ही डबीत कोंडलेली माशी आहे. तेव्हापासून टकळीने ध्यासच घेतला होता. आत्याला तिचा आवाज नीट ऐकवायचा, आणि तोही आपल्या पगारात बसेल अशा स्पीकरवर.

हे सगळं तिने त्या तरुणाला एका दमात सांगितलं. तो ऐकत होता. म्हणजे... तिच्या ओठांकडे बघत होता. नजर जरा म्हणून हलत नव्हती. बोलता बोलता तिच्या ते लक्षात आलं, कानाच्या पाळ्या तापल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा टकळीचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"पुढे?" तो म्हणाला.

"पुढे काही नाही. स्पीकर दाखवा."

गल्ल्यावरून मालकांनी हाक दिली, "मोजणीदार, त्यांना खुर्चीत बसवून ऐकवा." त्याला दुकानात सगळे मोजणीदारच म्हणायचे. खिशात कायम पोलादी टेप, आणि टेप लावल्याशिवाय हा माणूस साधा स्पीकर वीतभर सरकवायचा नाही, अशी त्याची ख्याती होती. चिडवायचे त्याला त्यावरून. तोही हसण्यावारी न्यायचा.

तिची नजर आधी उंच, चकचकीत जोडीवर गेली. त्याने मान हलवली आणि कोपऱ्यातली छोटी जोडी पुढे ओढली. दाखवायला ठेवलेली, मागच्या अंगाला ओरखडा पडलेली, म्हणून आणखी स्वस्त झालेली. तुमच्या खोलीला हे भरपूर झाले, म्हणाला. ओरखडा भिंतीकडे जाईल, त्याला फक्त भिंत बघेल.

"यांना बुकशेल्फ स्पीकर म्हणतात," तो सांगू लागला, "पण नावाला भुलून पुस्तकांच्या फळीवर ठेवू नका. कपाटात कोंडले की नुसते घुमतात. भिंतीपासून हातभर पुढे घ्यायचे. खाली जड, भक्कम स्टूल. हा वरचा छोटा गोल बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आला पाहिजे. एवढं केलंत तर हे स्वस्तातले महागड्यांना लाजवतील. नाही केलंत तर महागडे आणूनही रडगाणंच."

"तुम्ही विकायला उभे आहात की न विकायला?"

"विकायलाच. पण तुम्हाला जरा सावकाश विकतोय." तो टेप उलगडत होता. "लवकर विकलं की गिऱ्हाईक लवकर जातं."

दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांमधलं अंतर त्याने मोजून सारखं केलं. मग तिला खुर्चीत बसवून डोळे मिटायला सांगितलं. कुणी बाई गाऊ लागली. डावीकडून नाही, उजवीकडून नाही. बरोबर समोर, जिथे काहीच ठेवलेलं नव्हतं तिथे ती बाई उभी राहून गात होती. टकळीने डोळे उघडले तर त्या मोकळ्या जागेच्या मागे मोजणीदार उभा होता आणि गाणं सोडून तिच्याकडे बघत होता. तिने स्पीकर घेतले.

लावून द्यायला तो रविवारी सकाळी घरी आला. पाऊस बारीक भुरभुरत होता, आणि पेट्या भिजू नयेत म्हणून याने स्वतःचा रेनकोट त्यांना घातला होता. आत्याने दारातल्या ओल्याचिंब माणसाकडे आणि कोरड्या पेट्यांकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे त्याला पास करून टाकलं.

त्याला मोकळेपणी लावता यावं म्हणून आत्या वॉकर घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली. बाहेर टकळीची टकळी सुरू झाली. खोकल्याच्या औषधाची चव आवडली म्हणून दुसरी बाटली मागायला आलेले आजोबा, कानात घालायचे थेंब डोळ्यांत घालू का म्हणून विचारणारी बाई... ती नकला करून दाखवत होती आणि तो स्टूल सरकवता सरकवता थांबून, तिच्याकडे वळून, पोट धरून हसत होता. मध्येच आत्याच्या खुर्चीत बसून कान द्यायचा, उठून उजवा स्पीकर थोडा पुढे ओढायचा, पुन्हा बसायचा, पुन्हा थोडा ओढायचा.

"मोजणीदार आज मोजत नाहीत वाटतं?"

"आज... अंदाजानेच," तो म्हणाला, आणि पुन्हा केसांवरून हात फिरवला.

मग आत्या आली, बसली आणि तिचं गाणं लागलं. तिशीच्या आतली आत्या खोलीत गाऊ लागली. म्हातारी आत्या पदराशी चाळा करत ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, की हो, ही मीच. टकळीला रडू आलं आणि त्याच्यासमोर ते लपवायचं तिला सुचलं नाही.

त्यानंतर स्पीकर नीट चालतात ना हे बघायला तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही. स्पीकर उत्तम चालत होते, पण तपासणी काही संपत नव्हती. आत्या म्हणाली, मला एवढ्यांदा डॉक्टरनेसुद्धा तपासलं नाही. मग दोघं बाहेर तपासणी करू लागले. तळ्याकाठच्या रस्त्याने चालायला जायचे. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, कळलं नाही. चालताना तो तिला नेहमी आपल्या डाव्या हाताला घ्यायचा. रस्ता ओलांडला की वळसा घालून पुन्हा तिच्या उजवीकडे यायचा. तिला वाटायचं, किती जपतो हा. बाकावर बसले की तो तिच्याकडे पूर्ण वळून बसायचा आणि ती बोलत असेपर्यंत तिच्या चेहऱ्यावरून नजर काढायचा नाही. घरादारात, दुकानात सगळे तिचं बोलणं कानाआड करायचे. असं, तहान लागल्यासारखं तिचं बोलणं कुणी घेतलं नव्हतं. ती प्रेमात पडली, पार बुडाली. आणि हे त्याला सांगायचं कसं, याची तालीम ती औषधांच्या कपाटामागे उभी राहून करू लागली.

अशातच एका संध्याकाळी आत्या म्हणाली, "टकळे, तुला एक सांगू? मी उजवीकडे उभी राहून गाते."

आत्या बरेच दिवस मनातल्या मनात तपासत होती म्हणे. आधी तिला वाटलं, आपलाच कान म्हातारा झाला. मग तिने टकळीला खुर्चीत बसवलं. गाणारी आत्या खरंच मध्ये नव्हती. उजव्या स्पीकरला चिकटून होती. आत्या हसली. जन्मभर पोरांचे कान पिळून तयार केलेली बाई ती. म्हणाली, ज्याने हे लावलं त्याचा उजवा कान त्या दिवशी घरी राहिला असणार.

टकळीला हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती तडक त्याच्या दुकानात गेली. त्याला चिडवायला मिळतंय याचाच आनंद. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो समोरच्या टेबलावर वायरी गुंडाळत होता, मालक त्याच्या उजव्या हाताला, मागच्या कपाटात काही लावत होते. तिने अगदी रंगवून सांगितलं. आत्या कशी उजवीकडे सरकली, मोजणीदाराची मोजणी कशी फसली...

"...आणि आत्या म्हणते, लावणाऱ्याचा उजवा कान घरी राहिला असणार."

तो हसला नाही. त्याचा चेहरा एकदम उतरला. मागे मालकांचा हात कपाटातच थांबला. मग नेहमीच्या आवाजात, ना हळू ना मोठ्याने, त्यांनी हाक मारली.

"मोजणीदार."

तो टकळीकडे बघत होता. तसाच बघत राहिला. मालकांनी पुन्हा हाक मारली आणि तिसऱ्यांदा मारली नाही. त्या दोन हाकांमध्ये तिला सगळं कळलं. दारातली ती पेटी, जी थांबली नव्हती. ते वळसा घालून उजवीकडे येणं. ती नजर.

मालक वाईट माणूस नव्हते. हाकेला ओ येत नाही हे त्यांच्याही लक्षात येत होतं. मुलगा जरा तंद्रीत असतो, असं म्हणून सोडून देत होते. पण गिऱ्हाईकाला ऐकून निवडून द्यायचं काम ऐकू न येणाऱ्याकडे कसं ठेवणार? त्यांनी त्याला गोदामात ये म्हटलं. तो नको म्हणाला. हे तिला मालकांकडूनच कळलं, कारण तो फोन उचलत नव्हता, आणि निरोपाला उत्तर एकच आलं. रागावलेलो नाही. थोडा वेळ दे.

तो वेळ तिने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. ती बोलेनाशी झाली. काउंटरवर गोळ्या हातात द्यायची आणि कागदावर खूण करून द्यायची. आपल्या तोंडाने त्याचं काम घालवलं, हे तर होतंच. पण त्याहून खोल एक काटा होता आणि तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. त्या सगळ्या नजरा, ते वळून बसणं, ते तहानलेलं बघणं... तो फक्त ओठ वाचत होता का? आपण ज्याला प्रेम समजलो ते नुसतं ऐकणं होतं का? कान ठणठणीत असते तर त्याने आपल्याकडे पाहिलं तरी असतं का? रोज चार बहिऱ्या म्हाताऱ्यांशी बोलणारी मुलगी, आणि तिला कळू नये, याचीही तिला लाज वाटत होती.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात तो होता आणि त्याच्या हातात टेप होती.

"लावलेलं चुकलंय," तो म्हणाला. "नीट करून जातो. उद्या मी भावाकडे निघालोय. त्याचा सुतारकामाचा कारखाना आहे. स्पीकरच्या पेट्यासुद्धा बनवतात ते. पेट्या बनवायला कान लागत नाहीत."

आत्या खुर्चीतून उठली. आत मला काम आहे, म्हणाली. खुबा मोडल्यापासून तिला आत कसलंही काम नव्हतं. वॉकर टेकवत ती गेली आणि स्वयंपाकघराचं दार तिने लोटून घेतलं.

त्याने मोजलं. डाव्या स्पीकरपासून खुर्ची, उजव्यापासून खुर्ची, दोघांमधलं अंतर. उजवा बराच मागे न्यावा लागला. स्टूलखाली जमिनीवर जुन्या जागेचे चार डाग उमटले होते. टकळीला खुर्चीत बसवून त्याने आत्याचं गाणं लावलं आणि समोर गुडघे टेकून तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"मध्ये आलं?"

आवाज बरोबर त्या मोकळ्या जागेत उभा होता, त्याच्या डोक्याच्या जरासा वर. तिने मान हलवली.

"त्या दिवशी मी..." तिने सुरुवात केली.

"तू खोटं काही बोलली नाहीस. मीच सांगणार होतो. दर रविवारी ठरवून यायचो, आणि तू बोलायला लागलीस की वाटायचं, आज नको."

गाणं संपलं. पंख्याचा आवाज तेवढा उरला. तिला वाटलं, आत्ता नाही विचारलं तर हा काटा जन्मभर राहील.

"माझ्याकडे बघायचास ते... ऐकायला ना?"

तो टेप हळूहळू गुंडाळत राहिला.

"पहिल्या दिवशी, हो," तो म्हणाला. "तू शब्द सुटे बोलतेस. मला एकही गाळावा लागला नाही. किती दिवसांनी असं झालं होतं." मग त्याने टेप तळहातावर धरली. "कान दगा देतोय हे कळलं तेव्हापासून मी हिच्याशिवाय काही लावलं नाही. लोक चिडवतात, चिडवू देत. हिच्यामुळे कुणाच्या घरी माझं कधी चुकलं नाही. फक्त इथे चुकलं. त्या दिवशीही ही खिशातच होती. तू त्या आजोबांची नक्कल करत होतीस, आणि मी... मी विसरलोच की माझा कान गेलाय. मला वाटलं, माझं सगळं धड आहे. म्हणून कानाने लावलं."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. इतके दिवस कपाटामागे घोकलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"मग जाऊ नकोस," ती म्हणाली. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. माझं बोलणं ऐकणारे मिळतील मला, पण मी बोलताना असं बघणारा दुसरा नाही."

त्याने एकेक शब्द तिच्या ओठांवरून उचलला. चेहरा क्षणभर उजळला आणि पुन्हा विझला.

"डॉक्टर म्हणतात, डावाही अधू झालाय, तोही जाणार. सावकाश, पण जाणार. तेही सोसेन मी." त्याने उठून स्टूलवरची धूळ हाताने पुसली. "पण त्या दिवशी दुकानात जे झालं, त्यानंतर तू आज हे म्हणतेस. खरं असेल ते. मला ती भरपाई वाटते. तू कितीही सांगितलंस तरी वाटणार. असं वाटत असताना तुझ्याजवळ राहिलो तर तुझ्या प्रत्येक शब्दात मी दया शोधत बसेन. तुझं बोलणं मला तसं ऐकायचं नाही."

तिने खूप सांगून पाहिलं. तो सगळं बघत राहिला. निघताना त्याने तिच्या गालावरचं पाणी अंगठ्याने टिपलं, आतल्या दाराकडे बघून, येतो आत्या, म्हणाला आणि जिना उतरला.

ती खिडकीशी धावली. तो रस्त्याच्या पलीकडे पोचला होता. तिने हाक मारली. साऱ्या गल्लीने वर पाहिलं, समोरच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. एक तोच वळला नाही. हाक त्याच्या उजव्या बाजूने गेली होती. धावत गेली असती तर तिने त्याला कोपऱ्यावर गाठलं असतं. पण गाठून सांगायचं ते सगळं तर सांगून झालं होतं, आणि त्याला ते नीट कळलंही होतं. ती गजांना धरून तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली.

बऱ्याच वेळाने आत्या बाहेर आली. लोटलेल्या दारातून तिने सगळं ऐकलं होतं. खुर्चीत बसली, वॉकर बाजूला सारला आणि म्हणाली, लाव.

आत्या मध्ये उभी राहून गायली. ना इकडे ना तिकडे, अगदी समोर, जणू दार उघडून आत आली होती. म्हातारी आत्या डोळे मिटून शेवटच्या सुरापर्यंत ऐकत राहिली. इतक्या वर्षांत तिला तिचा आवाज असा भेटला नव्हता.

"छान आलंय," ती म्हणाली. "अगदी जागच्या जागी."

टकळीने मान हलवली.

"आता तो उजवा होता तसा पुढे ओढ."

"आत्या, आता बरोबर लागलेत ते."

"मला शिकवू नकोस. जन्मभर दुसऱ्यांचे सूर बरोबर लावले मी." आत्याने तिच्याकडे न बघता पदराने चष्मा पुसला. "मी उजवीकडेच बरी होते. ओढ."

टकळीने स्टूल धरून स्पीकर पुढे ओढला आणि त्याचे पाय जमिनीवरच्या त्या चार डागांवर बरोबर बसवले. गाणं पुन्हा लावलं. गाणारी उजवीकडे सरकली. आत्याने मान जराशी तिकडे वळवली, टकळी तिच्या पायांशी येऊन बसली आणि दोघी ऐकत राहिल्या.